सलमाबाजीच्या हातातला दोर

बेगम बाजारातल्या आमच्या घरात पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. खाली दुकान, दुकानामागे मिरचीचं गोदाम आणि त्याच्यावर आम्ही राहायचो, त्यामुळे आमच्या उशांनासुद्धा तिखटाचा वास असायचा. सकाळी शटर वर जायचं तेव्हा सगळा जिना थरथरायचा. मग हमालांचं ‘हटो, हटो’ सुरू व्हायचं, समोरच्या चक्कीचा घरघराट सुरू व्हायचा, आणि त्या सगळ्या गोंधळात मी आणि आई एकच आवाज शोधत असायचो, अप्पांच्या चपलांचा. चपला सावकाश वाजल्या तर दिवस बरा. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत आल्या तर आई तवा आधीच चुलीवर चढवायची. जेवण पोटात गेल्यावर अप्पांचा हात सहसा उठत नसे, हे तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच शोधून काढलं होतं. म्हणून ते दारात दिसायच्या आत ताटात ज्वारीची गरम भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडी आणि कच्चा कांदा हजर असे. ‘आधी दोन घास खाऊन घ्या,’ असं ती म्हणे तेव्हा तिचा आवाज लाघवी वाटायचा. ती घाबरलेली असायची, हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर समजलं.

अप्पांचे वडील भालकीकडची जमीन विकून शहरात आले होते. ‘आम्ही शेतकरी माणसं, आमचा हात जड,’ असं अप्पा हसत सांगत, जणू ती घराण्याची एक चांगली गोष्ट होती. त्यांना काठी, पट्टा काही लागायचं नाही. बाजारात त्यांना मान होता. व्यवहार चोख, सणाला हमालांना मिठाई, कोणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यांत आधी पोचणारा माणूस. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे येणार आहे त्यावरून कोणाला वाटेल की तो माणूस सतत राक्षसच होता. तसं असतं तर आम्ही लवकर पळून गेलो असतो.

मी पंधरा वर्षांची होते. सुट्टीत गोदामाच्या माळ्यावर पोत्यांना चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी मी ब्याडगीच्या पोत्यांवर गुंटूरची चिठ्ठी लावली आणि माल तसाच टेम्पोतून निघून गेला. ब्याडगी रंगाला आणि गुंटूर तिखटाला. ज्यानं मागवली त्यानं फोनवर अप्पांना काय काय ऐकवलं ते मला माहीत नाही. ते शिडीवरून वर आले. त्यांनी अजून जेवण केलेलं नव्हतं. पहिली थप्पड कानावर बसली, त्यामुळे दुसऱ्या वेळी ते काय ओरडले ते ऐकूच आलं नाही. मी मागं सरकले. त्यांनी दोन्ही हातांनी छातीवर धक्का दिला. माळ्याला कठडा नव्हता. खाली लोखंडी वजनकाटा होता, त्याच्या कडेवर माझा डावा पाय आला आणि मोडल्याचा आवाज मला त्या बहिऱ्या कानातही ऐकू आला.

दवाखान्यात नेलं असतं तर कसं झालं हे विचारलं असतं. म्हणून अप्पांनी एक हाड बसवणारा घरी बोलावला. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळली आणि सांगितलं, पाच दिवस हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी मी ओरडत होते, चौथ्या दिवशी माझ्या ओरडण्यानं समोरची चक्की बंद करून माणसं वर बघायला लागली, पाचव्या दिवशी दुखायचं थांबलं. सगळ्यांना बरं वाटलं. पट्टी सोडली तेव्हा बोटं काळी पडली होती आणि खोलीत मिरचीच्या वासावर मात करणारा दुसरा एक वास आला. मग मोठा दवाखाना, मग गुडघ्याखाली पाय कापणं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, ‘जिन्यावरून पडली.’ अप्पा भिंतीकडे तोंड करून रडत होते. नंतर ते वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं की कधी कधी मलाच तो जिना आठवायचा.

त्यानंतर अप्पांनी मला दोन वर्षं हात लावला नाही. मला मात्र हात उठवायची सवय लागली. काखेतली कुबडी ॲल्युमिनियमची होती, हलकी, आणि नेमकी बसायची. हिमायतनगरच्या कॉलेजात माझ्या चालण्याची नक्कल करणाऱ्या मुलीचा चष्मा मी फोडला. बसमध्ये एकाच्या नडगीवर अशी हाणली की तो खालीच बसला. घरी येऊन मी हे आईला सांगत नसे, पण तिला कळायचं. माझ्याही चपलेचा आवाज ती कान देऊन ऐकायला लागली होती, एकाच चपलेचा.

कृत्रिम पाय बसवायच्या केंद्रात मला मेघनाताई भेटली. ती पुण्याची, इकडे आयटीतल्या नोकरीसाठी आलेली, बारीक चणीची आणि बोलायला फटकळ. शहराच्या पलीकडच्या टोकाला, कंपन्यांच्या उंच इमारतींच्या मागं, एका जुन्या गोदामात भिंती चढायचा हॉल होता. उंच कृत्रिम भिंती, त्यांवर रंगीबेरंगी पकडी, वरून सोडलेले दोर. ती तिथं रोज चढायला जायची आणि मालकाच्या मागं लागून तिनं रविवारची सकाळ अपंग माणसांसाठी मागून घेतली होती. त्यासाठी माणसं गोळा करायलाच ती केंद्रात आली होती. ‘तुला दोन हात आहेत आणि भरपूर राग आहे,’ ती मला म्हणाली, ‘ये रविवारी.’ घरी मी कॉम्प्युटरच्या क्लासचं नाव सांगितलं.

पहिल्याच दिवशी दिसलं की त्या हॉलच्या दारालाच चार पायऱ्या होत्या. भिंत चढायला आलेली माणसं दाराशीच अडकली होती. व्हीलचेअरवरच्या एका बाईला चौघं उचलून आत नेत होते आणि ती वरून ओरडत होती, ‘आहिस्ता रे, मुर्दा नै लेजारे तुम!’ ती सलमाबाजी; बाजी म्हणजे ताई. पुढच्या रविवारी मी आमच्या हमालांकडची जाड फळी रिक्षावर बांधून आणली, टेम्पोत पोती ढकलत चढवतात ती. ती पायऱ्यांवर टाकली आणि बाजी आपल्या हातांनी चाकं फिरवत वर गेली. ती वर पोचल्यावर मागं वळून माझ्याकडे पाहून हसली. मी कोणाच्या तरी उपयोगी पडले म्हणून आलेलं ते हसू मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला काय करावं ते न कळून मी फळीच सरळ करत बसले.

बाजीचं कोठी भागातल्या एका गल्लीत शिवणकामाचं दुकान होतं. रिक्षा उलटून ती कमरेखाली लुळी झाली होती, पण दुकान तिनं सोडलं नव्हतं. मशीन हातावर चालणारं करून घेतलं होतं. कमरेला बांधायचा जो पट्टा असतो, हार्नेस, तो मांड्यांत रुततो. आम्हाला दुखलं की आम्ही सैल करतो. तिला दुखायचंच नाही, म्हणून पहिल्या दिवशी घरी गेल्यावर तिच्या मांडीला जखम दिसली. तिनं रडारड केली नाही. जाड फोम आणि रजईचं कापड घालून मांडीचे पट्टे रुंद शिवले, आणि मग सगळ्यांसाठी शिवले. मेघनाताईनं कप्प्या बसवल्या, म्हणजे बाजी बसल्या जागी दोर ओढत स्वतःचं वजन वर नेऊ शकायची. एक अंध मास्तर यायचे, त्यांना आम्ही खालून घड्याळाचे आकडे सांगायचो, ‘दोन वाजता, हातभर वर’, आणि त्यांचा हात नेमका त्या पकडीवर जायचा. मी कृत्रिम पाय काढून ठेवून चढायला लागले. तो पकडीवर घसरायचा. नुसता गुडघा भिंतीला टेकवला की जास्त बरं पडायचं.

रोज येणाऱ्या तरण्या मंडळींना आमचा रविवार आवडत नव्हता. एका सकाळी त्यांच्यातला एकजण भिंतीशी उभा राहून मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढत म्हणाला, ‘आज लंगडों की जत्रा है.’ मी कुबडी फिरवली. त्याचे दोन दात जमिनीवर पडले, आणि तो वाकला तेव्हा मी पुन्हा पाठीवर मारलं, आणि पुन्हा. मला ओढून बाजूला केलं तेव्हा माझ्या शर्टावर त्याचं रक्त होतं. मालक म्हणाला, रविवार बंद. मेघनाताईनं त्याच्या, आणि त्या पोराच्या घरच्यांच्या किती विनवण्या केल्या ते मला नंतर कळलं. मला तिनं एवढंच सांगितलं, ‘तू आता चढणार नाहीस. दोन महिने फक्त दुसऱ्याचा दोर धरायचा.’

‘मी कोणाचा दोर धरायचा? कोण बांधून घेईल माझ्या दोराला?’

‘तोच तर प्रश्न आहे,’ ती म्हणाली.

चढणाऱ्याचा दोर वरून फिरून खाली दुसऱ्याच्या कमरेशी येतो. तो दुसरा माणूस उजव्या हातात दोर घट्ट धरतो. आमच्याकडे तेव्हा साधीच साधनं होती, हात सुटला तर माणूस पडतो, एवढाच त्याचा हिशेब. कोणी पुढं येईना. मग बाजी चाकं फिरवत आली आणि दोर स्वतःला बांधायला लागली. मी म्हटलं, ‘बाजी, मेरे हात से छूटा तो?’ ती म्हणाली, ‘छूटा तो गिरी. वैसे भी बैठीच हूं मैं.’ दोन महिने मी तिचा दोर धरला. आठ मीटर वर ती आणि खाली माझी मूठ. घरी आल्यावरही बोटं मिटलेलीच राहायची. मग मी तिला दोर धरायला शिकवलं. जमिनीतल्या लोखंडी कडीला तिचा हार्नेस जोडायचा, खुर्चीचे ब्रेक लावायचे, आणि ती माझा दोर धरायची.

त्या मारामारीचा व्हिडिओ फिरत फिरत बेगम बाजारात पोचला. शेजारच्या हळदवाल्यानं तो अप्पांना दाखवला; त्यात मागच्या भिंतीवर हॉलचं नाव स्पष्ट दिसत होतं.

ते आले तेव्हा मी भिंतीच्या वरच्या टोकाशी होते. भिंत तिथं बाहेर झुकलेली होती, माझे हात संपले होते आणि मी श्वास घ्यायला दोरावर लटकले होते. अंगात आखूड विजार, खाली कापलेला पाय उघडा. खालून आरडाओरडा ऐकू आला आणि मी पाहिलं तर पांढऱ्या सदऱ्यात अप्पा. ‘वैजे! खाली ये! भर बाजारात इज्जत घालवलीस, आता इथं गड्यांपुढं नागडी लटकतेस?’ मेघनाताई पलीकडच्या भिंतीशी अंध मास्तरांचा दोर धरून होती. त्यांना खाली आणल्याशिवाय ती हात सोडू शकत नव्हती. आमच्या भिंतीशी फक्त बाजी होती.

अप्पा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. ‘उतार उसकू.’

‘उतारती हूं जी. हात नक्को लगाव.’

मला माहीत होतं खाली उतरल्यावर काय होणार. मी वरून ओरडले, ‘बाजी, उतारो नक्को! मार डालेंगे मेरेकू!’

बाजीनं वर माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि दोर मुठीत आवळून मांडीशी दाबून धरला. अप्पांनी तिच्या तोंडात मारली. तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. पण वरून, दुसऱ्याच्या गालावर बसताना कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या थपडेनं तिच्या नाकातून रक्त आलं. मग ते तिची बोटं एकेक करून उघडायला लागले. त्या रागात त्यांना कळत नव्हतं की ती बोटं उघडली तर मी नऊ मीटरवरून खाली येणार. की कळत होतं? हा प्रश्न मी आयुष्यभर उलटापालटा केला आहे.

‘मारो जी,’ बाजी म्हणाली. तिच्या तोंडात रक्त होतं, शब्द जाड येत होते. ‘कित्ता मारते मारो. रस्सी छोड़ती नै मैं.’

तेव्हा मी ते बोलले. हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती आणि माझा आवाज त्या पत्र्याच्या छतावर आपटून खाली येत होता. ‘अप्पा, मी जिन्यावरून पडले नाही! तुम्ही मला माळ्यावरून ढकललंत! आता दुसऱ्यांदा पाडताय!’ मी तेच हिंदीत सांगितलं, मग पुन्हा मराठीत, मग नुसतंच ‘ढकललंत, ढकललंत’ करत राहिले. अप्पा थांबले. वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप असावा असं मला नंतर पुष्कळदा वाटलं, पण तो नव्हता. चारचौघांत उघडं पडल्याचा राग होता. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्याखाली घातले आणि बाजीसकट खुर्ची उलथवली.

मी पडले. हातभर खाली आले आणि झटका बसून थांबले. खाली बाजी कुशीवर पडली होती, डोकं फरशीवर आपटलेलं, पाय खुर्चीत अडकलेले, कडीला जोडलेला पट्टा ताणलेला. आणि तिची उजवी मूठ तशीच मिटलेली होती.

मास्तरांना जमिनीवर टेकवून मेघनाताई धावली, आणखी तिघं धावले. त्यांनी अप्पांना खाली पाडून हात पाठीमागं धरले. बाजीनं पडल्या पडल्याच, कोणाला हात न लावू देता, हळूहळू दोर सोडत मला उतरवलं. मी जमिनीला टेकले. मी आधी तिच्याकडे गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी कुबडीकडे गेले. चौघांनी धरून ठेवलेल्या माणसाच्या हातावर मी कुबडी मारली, सगळा जोर काढून, एकदाच. हाड मोडल्याचं ऐकू आलं. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं झाली, आता माझ्या बोटांत संधिवात आहे आणि दोराची गाठ मारायला वेळ लागतो, पण त्या क्षणी किती बरं वाटलं ते अजून आठवतं आणि त्याची भीती वाटते. मी पुन्हा कुबडी उचलली. मागून बाजी ओरडली, ‘वैजू, मेरेकू पहले खोल!’ ती अजून कडीला बांधलेलीच होती. मी कुबडी टाकली आणि तिचा पट्टा सोडवायला गेले. तिच्या मुठीतून दोर काढायला मला तिची बोटं चोळावी लागली.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, बापलेकीचं भांडण आहे, मिटवून टाका. बाजीनं नाकाला लावलेला ओढणीचा बोळा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘मैं किसकी बेटी हूं जी? मेरा लिखो.’ तिचं लिहून घ्यावं लागलं. मग माझं. मी अप्पांचा हात मोडला तेही मी सांगितलं. दुपारी आईला बोलावलं. ती आली, प्लास्टरमधला अप्पांचा हात पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. पाय कसा गेला असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘जिन्यावरून पडली.’ त्या दिवशी मी बाजीबरोबर कोठीला गेले ती परत घरी गेले नाही.

दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला लागलो. मी काजं करायला, बटणं लावायला शिकले. रविवारी हॉलला जायचो. मालकानं आता दारापुढं सिमेंटचा उतार करून घेतला होता. का ते त्यानं सांगितलं नाही. बाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीच सरळ झाली नाहीत. ती त्यांत कात्री अडकवून कापड कापायची, आणि माझा दोर तिनंच धरायचा हे ठरून गेलं होतं.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. अप्पांच्या वकिलानं आईला साक्षीला आणलं, कारण तिचं वाक्य त्यांना पाठ होतं. अप्पा समोर बसले होते, स्वच्छ पांढरा सदरा, आणि मी मागच्या बाकावर, बाजीच्या खुर्चीला टेकून. वकिलानं विचारलं, मुलीचा पाय कसा गेला? आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

‘यांनी ढकललं,’ ती म्हणाली. ‘मी जेवायला बोलवायला खाली आले होते. मी पाहिलं.’

ती तिथं होती हे मला माहीतच नव्हतं. वकील काहीतरी म्हणाला, पण ती थांबली नाही. तिचा आवाज चढला. ‘चार दिवस पोरगी ओरडत होती, आई, पट्टी सोड. कात्री माझ्या हाताशी होती. यांनी नको सांगितलं म्हणून मी सोडली नाही. माझंही लिहून घ्या.’

अप्पा उठून उभे राहिले. नुसते उभे राहिले, तरी सगळ्या खोलीत फक्त आई आणि मी दचकलो.

बाहेरच्या व्हरांड्यात ती एकटी उभी होती. इतकं जवळून मी तिला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ती बारीक झाली होती आणि तिच्या कानामागं जुना, पिवळा पडलेला वळ होता. मला तिला विचारायचं होतं, कात्री हाताशी होती तर का नाही, का नाही. ती म्हणाली, ‘वैजू, आता मी घरी कशी जाऊ?’

खरं सांगायचं तर मनात आलं होतं, जा तशीच. बाजीनं चाकं फिरवून खुर्ची आमच्या दोघींच्या मध्ये आणली. ‘अम्मा, रिक्षे में जगा है. चलो.’

आई पुढं रिक्षावाल्याशेजारी बसली, कारण मागं खुर्ची आणि आम्ही दोघी होतो. कोठीला उतरल्यावर तिनं दुकानाच्या दारात चपला काढल्या आणि कुठं ठेवू असं मला विचारलं. मी जागा दाखवली. मी तिला माफ केलं नव्हतं. त्या दिवशी नाही, आणि पुढची अकरा वर्षं आम्ही त्याच दोन खोल्यांत एका ताटात जेवलो तेव्हाही, सगळंच्या सगळं नाही.